सायलेन्सर बदलण्यापूर्वी : मोटरसायकलचा आवाज आणि कायदा

नवी मोटरसायकल घरी आल्यानंतर तिच्या मालकाला पहिली इच्छा होते ती बहुधा सायलेन्सर बदलण्याची. बुलेटच्या बाबतीत तर ही जुनीच परंपरा म्हणावी लागेल. 'पंजाब', 'इंदोरी' अशा बाजारू नावांनी ओळखले जाणारे सायलेन्सर सुट्या भागांच्या दुकानांत राजरोस टांगलेले असतात. ज्याला तेवढाही खर्च नको, तो मूळ सायलेन्सरमधील पुंगळी काढून टाकतो. दुकानात उघडपणे मिळणारी वस्तू बेकायदा कशी असेल, असा ग्राहकाचा स्वाभाविक समज असतो. तो चुकीचा आहे. मात्र ती नेमकी कोणत्या तरतुदीमुळे बेकायदा ठरते, हे पुष्कळदा दंड भरणाऱ्यालाही ठाऊक नसते.

या विषयातील मुख्य तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० ही होय. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा आवाज शक्य तितका कमी करणारे साधन, म्हणजेच सायलेन्सर, प्रत्येक मोटार वाहनास असलाच पाहिजे, असे हा नियम सांगतो. वाहनाची बांधणी व देखभाल पर्यावरण (संरक्षण) नियमांतील ध्वनिमानकांनुसार असावी, असेही त्यात म्हटले आहे. दुचाकींसाठी १ एप्रिल २००५ पासून लागू झालेली उत्पादनाच्या टप्प्यावरील मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी ८० डेसिबल अशी आहे. आकड्यांतील फरक किरकोळ वाटला तरी तो तसा नाही. डेसिबलचे माप लघुगणकीय असल्याने दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट वाढ, आणि कानाला तो आवाज साधारण दुपटीने मोठा वाटतो.

हे मोजमाप मोकळ्या मैदानात, वाहन ठरावीक वेगाने आणून थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर, मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनने केले जाते. पुण्यातील 'एआरएआय'सारख्या अधिकृत संस्था नव्या मॉडेलची अशी चाचणी घेतात आणि त्यानंतरच ते विक्रीस येते. मंजुरी मिळते ती मूळ सायलेन्सरसह तपासलेल्या वाहनाला. चौकातील हवालदाराला अशी चाचणी घेणे शक्य नसते, आणि 'मीटर नसताना आवाज जास्त आहे हे कशावरून', हा तरुणांचा आवडता युक्तिवाद तेथूनच निघतो. परंतु नियम १२० मधील पहिल्या अटीला मीटरची गरज नाही. आतील पडदे वा पुंगळी काढलेला सायलेन्सर आवाज 'शक्य तितका' कमी करीत नाही, हे डोळ्यांनीही दिसते.

शिक्षेची तरतूद मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९०(२) मध्ये आहे. ध्वनी व वायुप्रदूषणाची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणारा, तसेच ते चालवू देणारा, असे दोघेही या कलमाखाली दोषी ठरतात. गाडी मुलाने चालविली आणि ती वडिलांच्या नावावर असली, तर वडिलांना हात झटकता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्यासाठी एक हजार रुपये दंड होता. दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र, अशी शिक्षा झाली. पुन्हा तोच गुन्हा केल्यास कारावास सहा महिन्यांपर्यंत जातो. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे राज्य शासनाने ठरविलेल्या तडजोड शुल्कावर मिटतात. त्यामुळे कायद्यातील आकडा आणि हातात पडणारे चलान यांत तफावत आढळते.

कलम ५२ चा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, असे ते सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ लावला. नोंदणी प्रमाणपत्रात सायलेन्सरचा उल्लेखच नसतो आणि वाहनाचे मूळ स्वरूपही त्याने बदलत नाही, असे यावर म्हणता येते. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. मात्र त्याचा उपयोग कलम ५२ पुरताच. नियम १२० आणि कलम १९०(२) स्वतंत्रपणे लागू होतात, आणि तेथे प्रमाणपत्रात काय लिहिले आहे याला महत्त्व नाही.

महागड्या आयात सायलेन्सरचे मालक युरोपीय मान्यतेच्या 'ई' खुणेकडे बोट दाखवितात. ती खूण बनावट नसेल तर सायलेन्सर तेथील चाचणीत एखाद्या विशिष्ट मॉडेलवर उत्तीर्ण झाला, एवढेच सिद्ध होते. भारतातील मंजुरीची जागा ती घेत नाही. त्यातही आवाज दाबणारा सुटा भाग, ज्याला बाजारात 'डीबी किलर' म्हणतात, तो पहिल्याच दिवशी काढून ठेवला जातो. 'केवळ रेस ट्रॅकसाठी' असे खोक्यावर छापलेल्या मालाची गोष्ट निराळी. कलम १९०(२) सार्वजनिक ठिकाणापुरते असल्याने खासगी ट्रॅकवर तो चालतो. ट्रॅकपर्यंतच्या रस्त्यावर नाही.

आवाजाइतकाच दुसरा प्रश्न धुराचा आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या मोटरसायकलींत एक्झॉस्टच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व ऑक्सिजन सेन्सर असतो. इंजिनापासून संपूर्ण पाइप बदलला की बहुधा कन्व्हर्टरही जातो आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन तसेच बाहेर पडू लागतात. मोठा आवाज म्हणजे अधिक ताकद, ही समजूतही फसवी आहे. इंधनाचे प्रमाण नव्याने जुळविले नाही तर ताकद वाढण्याऐवजी गाडी अडखळू लागते. थ्रॉटल सोडल्यावर ऐकू येणारे फटाके हे न जळलेले इंधन नळीत पेटल्याचे लक्षण होय. जुन्या कार्बोरेटरच्या बुलेटवर चालत्या गाडीत इग्निशन क्षणभर बंद करून मुद्दाम काढला जाणारा 'फटाका' याच जातीचा. पीयूसी प्रमाणपत्र दाखवूनही उपयोग नाही, कारण त्या तपासणीत आवाज मोजलाच जात नाही.

रुग्णालये, शाळा व न्यायालयांभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. त्या रस्त्यावरून मध्यरात्री गेलेली एकच उघड्या सायलेन्सरची बुलेट संपूर्ण वॉर्ड जागा करू शकते. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने जुलै २०२१ मध्ये अशा आवाजाची स्वतःहून दखल घेतली होती. पुणे व नागपूर पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरविल्याची छायाचित्रे तर वाचकांच्या परिचयाची आहेत. मात्र सारा रोख वाहनचालकावर राहतो. असे सायलेन्सर विकणारे आणि बसवून देणारे त्या मानाने सुटतात.

जुनी मोटरसायकल विकत घेणाऱ्याने सायलेन्सर मूळचा आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास विक्रेत्याकडून मूळ सायलेन्सर मागून घ्यावा किंवा त्याची किंमत व्यवहारातून वजा करावी, कारण चलान येते ते नव्या मालकाच्या नावावर. नियमांची पूर्तता होईपर्यंत वाहनाची नोंदणी निलंबित ठेवण्याचा अधिकारही कलम ५३ ने नोंदणी प्राधिकाऱ्याला दिलेला आहे.