लाजेवरचा इलाज : अतिभक्षण आणि करुणेची चिकित्सा

अनावर खाणे हा आजार असू शकतो, हे वैद्यकाने फार उशिरा मान्य केले. ख्रिस्ती युरोपात अधाशीपणाची गणना सात महापातकांत होत असे, त्यामुळे अशा माणसाने प्रायश्चित्त घ्यावे हीच समजूत शतकानुशतके रूढ होती. विसाव्या शतकात वजनकाटा आणि कॅलरींची कोष्टके आली तरी ही समजूत नाहीशी झाली नाही, तिने केवळ डॉक्टरी भाषा उचलली. 1959 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी थोड्या वेळात भरमसाट खाणे आणि मागाहून स्वतःला दोष देत राहणे हे चक्र काही स्थूल रुग्णांत नोंदवले, तरीही अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘अतिभक्षण विकार’ 1994 मध्ये परिशिष्टापुरताच आला आणि स्वतंत्र निदान म्हणून त्याला 2013 पर्यंत थांबावे लागले.

दरम्यान ऑक्सफर्डमध्ये ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि सवयी तपासून बदलण्याची पद्धत, खाण्याच्या विकारांना लावली आणि कडक पथ्यच पुढच्या अतिभक्षणाची तयारी करते हे दाखवून दिले. त्यांनी 1995 मध्ये रुग्णांसाठीच पुस्तक लिहिले. उपचारकाच्या थोड्याशा मदतीने रुग्णाने घरी राबवायचा कार्यक्रम, ज्याला मार्गदर्शित स्वयंसाहाय्य म्हणतात, तो अशा पुस्तकांतून रुजला आणि पुढे संगणकाच्या पडद्यावर गेला. ऑनलाइन उपचाराचा उगम बहुतेक जण तंत्रज्ञानात शोधतात. या विकारापुरता तरी तो छापील पुस्तकात आहे.

करुणेचा धागा मात्र वेगळ्या ठिकाणाहून आला. इंग्लंडमधील डर्बी येथे पॉल गिल्बर्ट यांच्या लक्षात आले की दीर्घकाळ लाजेत आणि आत्मनिंदेत जगलेले रुग्ण आपले नकारात्मक विचार तर्काने खोडू शकतात, परंतु ते खोडतानाचा त्यांचा मनातला स्वर तितकाच तुसडा राहतो. गिल्बर्ट यांच्या मांडणीनुसार भावनांच्या तीन यंत्रणा असतात : धोक्यापासून बचाव करणारी, काही मिळवायला धाव घेणारी आणि मनाला शांतवणारी. त्यांतील तिसरी ज्यांच्यात दुबळी राहिली, त्यांना ती मंद श्वसन, सौम्य स्वर आणि करुणामय प्रतिमा यांच्या सरावाने जोपासावी लागते. केन गॉस यांनी कॉव्हेंट्रीतील खाण्याच्या विकारांच्या सेवेत ही करुणाकेंद्रित पद्धती अतिभक्षणाला लावली; अन्न हेच काही रुग्णांचे एकमेव सांत्वन असते, तेव्हा दुसरे सांत्वन हाती न देता ते काढून घेणे निष्फळ ठरते, असा त्यामागचा विचार आहे, आणि तो पथ्याच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक समंजस म्हणावा लागेल.

पुरावा अद्याप तुटपुंजा आहे. कॅनडात ॲलिसन केली आणि जॅकलिन कार्टर यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक चाचणीत अवघ्या 41 व्यक्ती होत्या आणि कालावधी तीन आठवड्यांचा होता. आत्मकरुणेच्या सरावाने अतिभक्षणाचे दिवस घटले, पण ते निव्वळ वर्तनतंत्रांनीही घटले, आणि स्वतःशी मायेने वागण्याचीच ज्यांना भीती वाटत होती त्यांना या सरावाचा लाभ कमी झाला.

2020 च्या महासाथीत मानसोपचाराच्या बैठका दृक्‌-संवादावर गेल्या. चोरून खाणाऱ्या आणि दवाखान्याच्या दारात शिरायलाही संकोचणाऱ्या रुग्णाला यामुळे उपचारापर्यंत पोहोचणे सोपे झाले, हे खरे. पण ज्या पद्धतीचा भर उपचारकाच्या चेहऱ्यावर आणि आवाजावर आहे, ती केवळ लिखित धड्यांत उतरवली तर तिच्यातले निम्मे सत्त्व गळते. अधिकृत शिफारशींचे सांगायचे तर, ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अतिभक्षण विकारासाठी पहिली पायरी म्हणून मार्गदर्शित स्वयंसाहाय्य सुचवले आणि पुढच्या पायरीवर बोधात्मक वर्तनोपचार ठेवला. करुणाकेंद्रित पद्धतीचा समावेश त्या शिफारशींत नाही.