टोळधाड आणि संधिपादांची देहरचना

२५ मे २०२० रोजी वाळवंटी टोळांचे थवे जयपूरच्या निवासी वस्त्यांवर उतरले. पश्चिम राजस्थानातील सीमावर्ती जिल्ह्यांना टोळधाड अपरिचित नाही. परंतु विद्याधर नगरसारख्या आखीव वसाहती असलेल्या राजधानीत, घरांच्या भिंतींवर व गच्च्यांवर टोळ बसल्याचे दृश्य दुर्मिळ होते. रब्बीची कापणी होऊन शेते रिकामी झाली होती. त्यामुळे हिरव्या पाल्याच्या शोधात थवे पूर्वेकडे सरकले. त्याच सुमारास मध्य प्रदेशमार्गे ते अमरावती व नागपूर जिल्ह्यांत शिरले आणि संत्रा उत्पादकांची चिंता वाढली.

टोळ हा संधिपाद संघातील कीटक आहे. ज्ञात प्राणिजातींपैकी चार पंचमांशांहून अधिक याच संघात मोडतात. खेकडा, कोळंबी, कोळी, विंचू, गोम ही सर्व त्याची दूरची भावंडे होत. खंडांचे शरीर, सांध्यांचे पाय आणि कायटिनयुक्त बाह्य कवच ही त्यांची समान लक्षणे. हे कवच शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून वाढीसाठी कात टाकावी लागते. टोळाचे पिलू बहुधा पाच वेळा कात टाकते आणि शेवटच्या खेपेस त्याला उडण्याजोगे पंख मिळतात. तोवर सुमारे महिनाभर ते जमिनीवरच उड्या मारत असते.

टोळाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या दोन अवस्थांत आहे. एरवी तो नाकतोड्यासारखा एकटा, बुजरा असतो. संख्या वाढून दाटी झाली की तोच समूहप्रिय होतो व पुढे त्याचा रंगही पालटतो. या दोन भिन्न जाती नसून एकाच जातीची दोन रूपे आहेत, हा सिद्धान्त बोरिस उवारोव्ह यांनी १९२१ मध्ये मांडला. मागच्या पायांना होणारा इतरांचा सततचा स्पर्श आणि त्यामुळे वाढणारे सेरोटोनिन हे रसायन या बदलास चालना देते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले.

मादी ओलसर वाळूत अंडी घालते. म्हणून वाळवंटातील पाऊस हीच धोक्याची पहिली सूचना. २०१८ मध्ये मेकुनू व लुबान या चक्रीवादळांनी अरबस्तानच्या निर्जन वाळवंटात पाऊस पाडला. तेथे लागोपाठ पिढ्या वाढल्या आणि थवे इराण व पाकिस्तानमार्गे भारताच्या सीमेपर्यंत पोहोचले. प्रौढ टोळ दिवसाला स्वतःच्या वजनाइतके, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम अन्न खातो. ही मात्रा क्षुल्लक वाटेल. पण एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात आणि तो वाऱ्याबरोबर दिवसात शंभरहून अधिक किलोमीटर जातो.

भारतात १९३९ मध्ये टोळ इशारा संघटना स्थापन झाली. २०२० मध्ये तिच्या पथकांना ड्रोनचीही जोड मिळाली. तथापि रासायनिक फवारा टोळ व मधमाशी यांत भेद करीत नाही. मेटारायझियम ही बुरशी मात्र टोळाच्या बाह्य कवचातूनच आत शिरते आणि तिची यासाठी वापरली जाणारी जात टोळ-नाकतोड्यांपुरतीच घातक ठरते. तिचा परिणाम दिसण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. शहरावर आलेल्या उडत्या थव्यासाठी तेवढा अवधी नसतो. ती पंख न फुटलेल्या पिलांवर, वाळवंटातच फवारावी लागते.