तबकडीची तीन मिनिटे आणि संगणकातील मेगाबाईट

प्रख्यात गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात झाले. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गाईसबर्ग यांनी ते केले. त्या काळी एका तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गायन मावत असे. गौहर जान यांचे निधन १९३० मध्ये म्हैसूर येथे झाले. त्यांचे चरित्र लिहिणारे बंगळुरूचे इतिहासकार विक्रम संपत यांनी पुढे ‘अर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ ही संस्था स्थापन करून जुन्या तबकड्या संगणकीय स्वरूपात जतन करण्याचे काम हाती घेतले. अशा कामात एक प्रश्न अटळ असतो : तीन मिनिटांच्या गाण्याला संगणकात किती जागा द्यावी?

तबकडीची क्षमता

तबकडीवर किती वेळाचे संगीत मावेल, हे तिचा आकार, फिरण्याचा वेग आणि खाचांची दाटी यांवर ठरते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीचे तीन मिनिटांत २३४ फेरे होतात. १९४८ मध्ये आलेल्या एलपी तबकडीचा वेग मिनिटाला ३३⅓ फेरे होता आणि खाचाही बारीक होत्या. त्यामुळे एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले.

सीडीचे गणित

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनी आकड्यांच्या रूपात असतो. प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि असे दोन प्रवाह, म्हणजेच सेकंदाला १,७६,४०० बाईट. या हिशेबाने तीन मिनिटांच्या गाण्याला सुमारे ३२ मेगाबाईट लागतात.

८० मिनिटांच्या संगीताचे सुमारे ८४७ मेगाबाईट होतात. मग ते ‘७०० मेगाबाईट’च्या सीडीवर कसे मावते? संगणकाची माहिती साठवताना चुका दुरुस्त करण्यासाठी सीडीवर जादा जागा राखली जाते. संगीताच्या सीडीत ती जागाही ध्वनीसाठी वापरली जाते.

एमपी३ : काय मिळते, काय जाते

१२८ किलोबिट दराच्या एमपी३ फाईलला सेकंदाला १६,००० बाईट पुरतात. तीन मिनिटांचे गाणे तीन मेगाबाईटच्या आत बसते आणि ७०० मेगाबाईटच्या सीडीवर बारा तासांहून अधिक संगीत मावते. कानाला सहसा जाणवणार नाहीत असे ध्वनीचे अंश वगळून ही बचत साधली जाते. वगळलेले अंश परत मिळत नाहीत. अशी फाईल नंतर ३२० किलोबिटमध्ये बदलली, तर केवळ तिचा आकार वाढतो. दर्जा वाढत नाही. फ्लॅक पद्धतीत मात्र काहीही न गमावता आकार कमी होतो.

जतनासाठी कोणती फाईल?

जतनाच्या कामात सामान्यतः २४ बिट आणि सेकंदाला ९६,००० नमुने हे प्रमाण वापरले जाते. तीन मिनिटांच्या एका प्रवाहाच्या मुद्रणाला त्यासाठी सुमारे ५२ मेगाबाईट लागतात. ७०० मेगाबाईटच्या सीडीवर अशी तेरा-चौदाच गाणी बसतील.

खरखरीने भरलेल्या तबकडीला एवढी जागा कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. लाखेची तबकडी ठिसूळ असते आणि प्रत्येक वेळी वाजवताना थोडी झिजते. खरखर दूर करण्याची पद्धत उद्या सुधारू शकेल. परंतु तेव्हा मूळ तबकडी शाबूत असेलच असे नाही. म्हणून मूळ प्रत पूर्ण आकारात, किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि ऐकण्यासाठी तिच्यावरून एमपी३ करावी. घरातील जुन्या कॅसेटींनाही हाच नियम लागू पडतो.