सॉलोमन, सुनीती

सॉलोमन, सुनीती : (मृत्यू २८ जुलै २०१५). भारतीय वैद्यकतज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. भारतातील एचआयव्ही संसर्गाचा पहिला पुरावा त्यांच्या मार्गदर्शनाखाली मिळाला.

मद्रास (आताचे चेन्नई) येथे चामड्याचा व्यापार करणाऱ्या गायतोंडे या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी परदेशांत विकृतिविज्ञानाचा अनुभव घेतला. १९७३ मध्ये पती व्हिक्टर सॉलोमन या हृदयशल्यचिकित्सकांसह त्या परतल्या व पुढे त्याच महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

विषाणूचा शिरकाव होताच शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा प्रतिपिंडे तयार करते. पुष्कळ रोगांत ती संरक्षक ठरतात. एचआयव्ही मात्र या यंत्रणेचे सूत्रचालन करणाऱ्या टी-साहाय्यक कोशिकांचाच नाश करतो आणि सतत रूप पालटून प्रतिपिंडांना चुकवितो. अशी प्रतिपिंडे रोग्याला वाचवीत नाहीत. पण लक्षणे दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी संसर्गाची साक्ष देतात. रक्तपरीक्षा याच तत्त्वावर आधारलेली आहे.

एड्सची प्रथम नोंद अमेरिकेत १९८१ मध्ये झाली. हा रोग पाश्चात्त्य समाजापुरताच आहे, असा समज त्या काळी भारतात रूढ होता. सॉलोमन यांनी तो गृहीत न धरता आपल्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना तपासणीचे काम दिले. मद्रासमधील वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात तपासले असता ६ नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली. अमेरिकेतील फेरतपासणीनेही हा निष्कर्ष खरा ठरला.

निदान झाले, तरी त्या वेळी परिणामकारक उपचार नव्हता. शिवाय रोग्यांना घर व रुग्णालय दोन्हीकडे अव्हेर सोसावा लागे. म्हणून १९९३ मध्ये सॉलोमन यांनी वडिलांच्या नावे वाय्. आर्. गायतोंडे केंद्र स्थापून तपासणी, समुपदेशन, शुश्रूषा व संशोधन यांची एकत्र सोय केली. एका जोडीदारास संसर्ग असलेल्या १,७६३ जोडप्यांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत हे केंद्र आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी होत्या. लवकर औषधोपचार केल्यास जोडीदारास होणारा संसर्ग सुमारे ९६ टक्क्यांनी घटतो, असे तीत २०११ मध्ये दिसून आले. प्रतिपिंडे जे साधू शकली नव्हती, ते औषधांनी साधले. परंतु त्यासाठी रोग्याने निर्भयपणे तपासणीस येणे आवश्यक होते आणि तो विश्वास निर्माण करणे हे सॉलोमन यांचे मोठे कार्य होय.

चेन्नई येथे त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.