वेशभूषाचित्रांच्या छापप्रती व गृहसजावट

वेशभूषाचित्र म्हणजे पोशाख, अलंकार आणि ते धारण करण्याची ढब यांना प्राधान्य देऊन काढलेले चित्र. अशा चित्रांच्या छापप्रती चौकटीत बसवून घराच्या भिंतींवर लावल्या जातात. महाराष्ट्रात या प्रथेचे सर्वांत जवळचे रूप म्हणजे देवतांची व पौराणिक स्त्रियांची रंगीत छापचित्रे होत. ती लावणाऱ्यांनी त्यांना वेशभूषाचित्रे कधी म्हटले नाही, हा भाग वेगळा.

इतिहास

पुण्यात १८७८ मध्ये स्थापन झालेल्या चित्रशाळेने अशी चित्रे सामान्यांच्या आवाक्यात आणली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला व कालांतराने फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करून एकावर एक ठसे उमटविले जात. त्यामुळे तैलचित्राचा भास होई.

रविवर्म्यांच्या अनेक पौराणिक नायिका मराठी धाटणीचे नऊवारी लुगडे नेसलेल्या दिसतात. निऱ्यांची चुणी, पदराचा काठ, नथ आणि बांगड्या यांचे चित्रण इतके बारकाईने केलेले असे, की प्रसंगाआधी डोळा वस्त्रावरच ठरावा. काही छापचित्रांवर तर जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवून देवतेला जणू खरेच वस्त्र नेसविले जाई. देवीचा वेश म्हणजे काठपदराची साडी, ही समजूत पक्की होण्यास या प्रतींचा मोठा हातभार लागला. शेतात राबणाऱ्या स्त्रीचे आखूड, कासोट्याचे लुगडे मात्र या भिंतींवर क्वचितच आले. ही उणीव लहान मानता येत नाही.

म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांचे पोशाख रेखाटले. ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील इंग्रजी ग्रंथातील चित्रे त्यांचीच आहेत. त्यांच्यानंतर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रे दिवाळी अंकांतून व दिनदर्शिकांवरून घरोघरी पोहोचली. वर्ष संपले की दिनदर्शिकेचे चित्र कापून चौकटीत घालणे, हा मध्यमवर्गीय सजावटीचा स्वस्त मार्ग होता.

वर्धा जिल्हा

सेवाग्राम येथील बापू कुटीत या प्रथेच्या उलट दृष्टी आढळते. महात्मा गांधी १९३६ मध्ये तेव्हाच्या शेगावात राहावयास आले. कुटीच्या मातीच्या भिंतींवर मीराबेन यांनी ताडाची झाडे व चरखा मातीतच उठावाने घडविला. येथे वस्त्राचे चित्र नाही. वस्त्र निर्माण करणारे साधन आहे. वर्धा शहरातील मगन संग्रहालयात (१९३८) खादी व ग्रामोद्योग प्रत्यक्ष वस्तुरूपाने मांडलेले आहेत.

जतन

विदर्भातील प्रखर ऊन छापील रंगांचे शत्रू आहे. त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीसमोरील भिंत टाळावी. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून चौकट थोडी पुढे ठेवल्यास बुरशी व वाळवी यांचा उपद्रव कमी होतो. जुनी प्रत काचेला चिकटू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची किनार घालतात.