उंच टाच आणि पावलाची कमान

उंच टाचेच्या पादत्राणाचा विचार करताना उंची आणि उतार या दोन वेगळ्या गोष्टी बहुधा एकच समजल्या जातात. संपूर्ण पाऊल जमिनीपासून वर उचलणे ही एक गोष्ट, आणि टाच चवड्यापेक्षा वर नेऊन पावलाला उतार देणे ही दुसरी. पहिलीमुळे तोल सांभाळावा लागतो. दुसरीमुळे मात्र शरीराच्या वजनाची वाटणीच बदलते आणि तिचा भार हाडे, सांधे व स्नायू यांना सोसावा लागतो. हे पादत्राण सुसह्य करण्यासाठी गेल्या काही शतकांत जे प्रयत्न झाले, त्यांतले टिकाऊ प्रयत्न या उताराचा हिशेब मांडणारे आहेत.

उताराविना उंची देण्याची रीत भारतात फार जुनी आहे. लाकडी पादुका हे तिचे उदाहरण, आणि त्या पूजेतही आल्या. तमिळ वैष्णव मंदिरांत विष्णूच्या पादुका धारण करणारी, मुकुटाच्या आकाराची शठारी भक्ताच्या मस्तकावर टेकवतात, आणि कावेरीच्या काठी, श्रीरंगमच्या रंगनाथाच्या पादुकांवर वेदान्त देशिक या आचार्यांनी ‘पादुकासहस्र’ हे संस्कृत काव्य रचले. १६७६ ते १८५५ या काळात तंजावरच्या भोसल्यांचे राज्य याच कावेरीच्या खोऱ्यात होते. त्या काळात रामदासी मठ येथे उभे राहिले आणि पादुकांना मान देणारी मराठी परंपराही तमिळ परंपरेच्या शेजारी नांदू लागली. पूजेतल्या या पादुकांचे मूळ असलेली वापरातली खडाव पाहिली, तर तिची रचना विचारपूर्वक केलेली दिसते. पावलाच्या आकाराची लाकडी फळी, तिच्याखाली पुढे व मागे सारख्याच उंचीचे दोन खूर, आणि अंगठा व शेजारचे बोट यांच्यामध्ये धरायची खुंटी एवढेच तिचे भाग असतात. दोन्ही खूर सारखे असल्यामुळे तळ सपाट राहतो आणि पाऊल चिखलापासून, तापलेल्या जमिनीपासून वर राहूनही वजनाची वाटणी जवळजवळ अनवाणी उभे राहिल्यासारखीच होते. तिची उणीव वेगळी आहे: चालताना पाऊल चवड्यापाशी वाकते, लाकूड वाकत नाही, त्यामुळे खुंटी बोटांनी सतत आवळून धरावी लागते.

कोल्हापुरी चपलेनेही उतार जवळजवळ टाळला आहे. चामड्याचे थर एकावर एक चढवून, चामड्याच्याच वादीने शिवून तयार केलेली तिची टाच ठेंगणी असते. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या जिल्ह्यांचाही समावेश झाला. देशी कारागिरांना पावलाला तीव्र उतार देण्याची गरज फारशी पडली नाही, हेच खडाव आणि कोल्हापुरी चप्पल यांवरून दिसते.

उतार आणणारी टाच घोडेस्वारांची. इराणी स्वार रिकिबीत उभे राहून धनुष्य चालवत, तेव्हा पाऊल रिकिबीत अडकून स्थिर राहावे यासाठी त्यांच्या जोड्यांना टाच असे. हे जोडे चालण्यासाठी घडवलेले नव्हते, ही बाब पुढच्या सगळ्या त्रासाच्या मुळाशी आहे. इराणचा शाह अब्बास याने १५९९ मध्ये युरोपातील दरबारांकडे वकील पाठवले, त्या सुमाराच्या संपर्कातून ही टाच तेथील उमरावांच्या पायी आली आणि प्रथम पुरुषांच्या प्रतिष्ठेची खूण बनली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे इयासँत रिगोने १७०१ मध्ये रंगवलेले चित्र प्रसिद्ध आहे, त्यात राजाच्या जोड्यांच्या टाचा लाल आहेत. अठराव्या शतकात पुरुषांनी ही टाच सोडली आणि ती स्त्रियांकडे राहिली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास ती त्यांच्याही पायांतून गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर परतली.

टाच आल्यावर चांभारांपुढे फर्म्याची अडचण उभी राहिली. फर्मा म्हणजे ज्या लाकडी, आणि आता बहुधा प्लास्टिकच्या, पावलावर जोडा ताणून घडवतात तो साचा. प्रत्येक मापाला आणि टाचेच्या प्रत्येक उंचीला वेगळा फर्मा लागतो, कारण टाच वर गेली की तळाचा बाक बदलतो. त्यात डाव्याउजव्याची जोडी करायची म्हणजे खर्च दुप्पट. म्हणून सुमारे दोनशे वर्षे युरोपात जोडे सरळ फर्म्यावर बनत आणि दोन्ही पायांत सारखेच असत. या प्रथेवर पहिला शास्त्रीय आघात डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रस काम्पर यांनी केला. जोड्याचा सर्वोत्तम आकार कोणता, या विषयावरील १७८१ च्या प्रबंधात त्यांनी पावलाच्या हाडांची रचना समोर ठेवून उंच टाचेचे दोष दाखवले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झुरिकचे हेर्मान फोन मायर यांनी टाचेच्या मध्यापासून अंगठ्याच्या मध्यरेषेतून जाणारी रेषा आखली, आणि जोड्याचा पुढचा भाग या रेषेला धरून असावा, अंगठा आत दाबणारा नसावा, असे प्रतिपादन केले. निमुळत्या जोड्यात अंगठ्याच्या मुळाशी गाठ का येते, याचे उत्तर या एका रेषेत होते.

अनवाणी, स्थिर उभ्या असलेल्या माणसाच्या तळपायावरील भार १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजला गेला, तेव्हा सुमारे ६० टक्के भार टाचेवर, २८ टक्के चवड्यावर आणि ८ टक्के मधल्या भागावर आढळला. टाच जसजशी उचलली जाते तसतसा भार चवड्याकडे सरकतो आणि तळपायाची मधली कमान अधांतरी राहते. पाऊल उतारावरून पुढे घसरते, बोटे टोकात दाबली जातात, चवड्याखाली घट्टे पडतात, कुरुपे होतात, घोटा डगमगतो. या सर्व तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि उपाय शोधणाऱ्यांना ते उशिरा उमगले.

ते सर्वांत नेमके ओळखणाऱ्यांत साल्वातोरे फेरागामो यांचे नाव घ्यावे लागते. दक्षिण इटलीतील बोनितो गावी १८९८ मध्ये जन्मलेला हा कारागीर तरुणपणी अमेरिकेत गेला, हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी जोडे बनवू लागला आणि सुंदर जोडे पायांना दुखवतात हे खटकल्याने लॉस एंजेलिसमधील विद्यापीठात शरीरशास्त्राचे वर्ग करू लागला. ताठ उभ्या शरीराचे वजन ओळंब्याप्रमाणे सरळ खाली कमानीवर येते, हे त्यांनी तेथे समजून घेतले. त्यांच्या आधीचे कारागीर मात्र टाच आणि चवडा यांनाच आधार देत आणि कमान मोकळी सोडत. फेरागामो यांनी कमानीखाली पोलादी पट्टी बसवली, त्यामुळे कमानीला आधार मिळाला आणि बोटांवरचा ताण हलका झाला.

ही पट्टी, जिला कारखान्यांत शँक म्हणतात, उंच टाचेचा खरा कणा आहे. बोटभर रुंदीची, कडक पाणी दिलेल्या पोलादाची ती पट्टी फर्म्याच्या बाकाप्रमाणे वाकवतात आणि तिच्या लांबीभर एक पन्हळ काढतात, कारण सपाट पत्र्यापेक्षा पन्हळ काढलेला पत्रा वाकण्यास जास्त विरोध करतो. टाचेखालून निघून चवड्याच्या किंचित अलीकडे संपेल अशी ती आतल्या तळाच्या खालच्या बाजूस रिवेटने ठोकतात. चवड्यापाशी ती संपलीच पाहिजे, कारण पाऊल वाकते ते तिथेच. ती पुढे गेली तर जोडा खडावेसारखा ताठर होतो, आणि मागे राहिली तर तळ मध्येच खचतो. जोडा पूर्ण झाल्यावर शँक कधीच दिसत नाही, म्हणून स्वस्त मालात ती पातळ पत्र्याची घालणे किंवा वगळणे सोपे जाते.

पोलाद मिळेनासे झाले तेव्हा या इतिहासाला अनपेक्षित वळण लागले. इटलीने १९३५ मध्ये इथिओपियावर आक्रमण केल्यानंतर राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले, आणि फ्लॉरेन्समध्ये स्थिरावलेल्या फेरागामो यांना मिळणारे हलक्या प्रतीचे पोलाद शँकमध्ये मोडू लागले. तेव्हा त्यांनी टाच व तळ यांमधली पोकळीच सार्डिनियातील बुचाने भरून काढली. पाचरीसारख्या या अखंड तळामुळे कमानीला सलग आधार मिळाला, भार मोठ्या क्षेत्रावर पसरला आणि घोटा कमी डगमगू लागला. १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले. आज बाजारात वेज या नावाने विकला जाणारा तळ तो हाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवाह उलटा वळला. एवढी बारीक टाच लाकडाची केली तर मोडते, म्हणून तिच्या पोटात धातूची कांब घालून स्टिलेटो, म्हणजे सुरीसारखी निमुळती टाच, शक्य झाली. १९५३ ते १९६३ या काळात दिओर या फॅशनगृहासाठी काम करणाऱ्या रोझे व्हिव्हिए यांनी ती लोकप्रिय केली. टाच मजबूत झाली, पण तिचे टोक नखाएवढे राहिले, आणि पावलाचा आधार पुन्हा आकुंचला.

याच्या समांतर दुसरा प्रवाह उशांचा आणि गाद्यांचा होता. विल्यम शोल या अमेरिकन वैद्याने १९०४ मध्ये कमानीला आधार देणारे साधन बाजारात आणले आणि त्यातून पावलांच्या आरामसाधनांचा मोठा उद्योग उभा राहिला. चवड्याची उशी उपयोगी असते, पण ती कुठे ठेवायची हे बहुतेकांना चुकीचे कळते: ती चवड्याच्या हाडांच्या टोकांखाली ठेवल्यास तिथलाच दाब वाढू शकतो, त्या टोकांच्या किंचित मागे ठेवली तर ती हाडांना उचलून भार मागच्या भागाकडे वळवते. मऊपणाचीही मर्यादा असते. फार मऊ गादीत पाऊल रुतते, डगमगते आणि ती थोड्याच दिवसांत दबून निकामी होते.

गादीपेक्षा मोलाचा ठरतो तो टाच ज्यावर टेकते त्या बैठकीचा कोन. उतार सुरू होण्याआधी टाचेखालचा भाग जवळजवळ सपाट ठेवला, तर टाच तिथे बसते आणि वजनाचा मोठा वाटा स्वतः पेलते. तोही भाग उतरता केला तर पाऊल घसरगुंडीवर ठेवल्यासारखे पुढे जाते, आणि मग पुढच्या उशा त्याला थोपवू शकत नाहीत. चवड्याखाली जाड तळ देणे हा दुसरा उपाय: दहा सेंटिमीटर टाचेखाली तीन सेंटिमीटरचा पुढचा तळ असेल, तर पावलाला उतार सातच सेंटिमीटरचा राहतो. टाचेचे टोक टाचेच्या हाडाच्या मध्याखाली आले आणि घोट्याला पट्टा मिळाला, तर तोल राखणे सोपे होते.

हे उपाय त्रास कमी करतात, नाहीसा करत नाहीत. अमेरिकेतील वैद्यकीय संशोधक केसी केरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की उंच टाचेने गुडघ्यावर पडणारा पीळ वाढतो, आणि २००१ मध्ये रुंद टाचेचाही असाच परिणाम होतो असे नोंदवले. रुंद टाच तोल सावरते, गुडघ्याची सुटका करत नाही. २०१० मधील एका अभ्यासानुसार दीर्घकाळ उंच टाचा वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीचे स्नायुतंतू आखूड आणि टाचेची शीर ताठर झालेली आढळली; त्यामुळे सपाट जोडा घातल्यावर त्यांना अस्वस्थ वाटू शकते. फिलिपिन्सच्या कामगार खात्याने २०१७ मध्ये दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या स्त्रियांवर एक इंचापेक्षा उंच टाचेची सक्ती करण्यास मनाई केली, ती याच कारणाने.

भारतापुढचा प्रश्न याहून मूलभूत आहे. इंग्रजी माप, ज्यात प्रत्येक क्रमांक एक तृतीयांश इंचाने वाढतो, ते इंग्रजी अमलात येथे आले आणि स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले. तामिळनाडूतील आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट या गावांनी जगाला चामडे व जोडे पुरवले, पण भारतीय पावलाचा फर्मा मात्र भारतीय मोजमापांवर बेतलेला नव्हता. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांच्या पावलांची त्रिमितीय यंत्राने मोजणी केली. भारतीयांचा चवडा युरोपीय व अमेरिकी पावलांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहे, आणि त्यामुळे अनेक लोक रुंदी मिळावी म्हणून लांबीने मोठे जोडे घेतात, हे त्यातून पुढे आले. स्त्रिया गरजेपेक्षा मोठ्या मापाचे उंच टाचेचे जोडे वापरतात आणि त्यामुळे इजा होतात, असेही आढळले. त्या मोजणीवरून ‘भा’ या नावाची आठ गटांची भारतीय मापपद्धती २०२४ मध्ये पुढे आली आणि मंजुरीसाठी भारतीय मानक ब्यूरोकडे गेली.

लांबीने मोठ्या जोड्यात शँकचा बाक आणि पावलाची कमान एकाच ठिकाणी येत नाहीत, म्हणजे सर्वांत चांगली पट्टी, सर्वांत सपाट बैठक आणि सर्वांत नेमकी उशीसुद्धा चुकीच्या जागी काम करतात. म्हणून उंच टाच विकत घेणाऱ्या स्त्रीने संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, दोन्ही पावले मोजून घ्यावीत. जोडा हातात घेऊन तळाचा मधला भाग अंगठ्याने दाबावा आणि तो वाकला तर ठेवून द्यावा. जोडा टेबलावर ठेवून डगमगतो का ते पाहावे. आणि घातल्यावर टाच बैठकीवर टेकते की पाऊल पुढे घसरते हे उभे राहूनच तपासावे. कारखानदारांनी आणि कारागिरांनी भारतीय पावलाचा फर्मा आपलासा करणे हे त्याहून मोठे काम आहे, आणि ते झाल्याशिवाय आरामदायी उंच टाच हे जाहिरातीतलेच वचन राहील.