गवतकापणी, पालघर परिसरातील

पालघर जिल्ह्यात (१ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचा भाग) पावसाळा संपताच रानावनांतील व माळांवरील गवत कापून, वाळवून साठविण्याचा व विकण्याचा व्यवसाय. मुरबे, सातपाटी या किनारी गावांत ज्या उघडिपीवर बोंबील वाळतात, त्याच उघडिपीवर रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडील पट्ट्यात गवत वाळते. दोहोंचा शत्रू एकच, तो म्हणजे अवकाळी पाऊस.

उभ्या हिरव्या गवतात सु. ७० ते ८० टक्के पाणी असते. गंजी रचताना ते १५ ते २० टक्क्यांपर्यंत उतरलेले असावे लागते. त्याहून ओले गवत रचल्यास बुरशी येते, आत उष्णता साठते आणि प्रसंगी गंजी आपोआप पेट घेते. उलट कापणी लांबविल्यास गवत उभ्यानेच पिकून निकस होते. कुसळी जातीच्या गवताची कुसळे पक्व होऊन जनावरांच्या तोंडाला टोचतात. आश्विन-कार्तिकातील काही आठवडेच काय ते या कामाचे असतात.

मुंबईतील तबेल्यांमुळे या गवताला कायमची बाजारपेठ मिळाली. डहाणू व उंबरगाव तालुक्यांत जमीन व गवत जमीनदारांच्या हाती, तर विळा वारली मजुरांच्या हाती होता. किसान सभेने गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. त्याच वर्षी गवताच्या हंगामात ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये या दरासाठी संप झाला. संपाची वेळ नेमकी होती : भात कापून खळ्यावर ठेवता येते, गवत मात्र थांबत नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मरण पावले. संप मात्र मोडला नाही आणि अखेर जमीनदारांना नमते घ्यावे लागले. मजुरी वजनावर ठरते तेव्हा ओलावा हा हिशेबाचाही प्रश्न होतो. १५ टक्के ओलाव्याचे ५०० पौंड वाळके गवत हाती येण्यास ६० टक्के ओलाव्याचे सु. १,०६० पौंड गवत कापावे लागते. तोलाई ओल्या गवताची की वाळक्याची, यावर मजुराचे निम्म्याहून अधिक श्रम अवलंबून असतात.

वाळवण टाळून चारा टिकविण्याचा दुसरा मार्ग मुरघासाचा. फ्रान्समधील ओग्यूस्त गोफार यांनी मक्याच्या मुरघासावरील ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध केल्यावर या पद्धतीचा सर्वत्र प्रसार झाला. येथे ओलावा घालवायचा नसून राखायचा असतो. मक्यात तो ६५ ते ७० टक्के असताना कापणी करून, बारीक तुकडे खड्ड्यात दाबून हवाबंद करतात. किण्वनाने निर्माण होणाऱ्या लॅक्टिक अम्लामुळे चारा टिकतो. ओलावा याहून जास्त असल्यास रस गळतो व ब्युटिरिक अम्लामुळे दुर्गंधी येते. कमी असल्यास चारा नीट दबत नाही, आत हवा राहून बुरशी धरते. पारख सोपी आहे. चाऱ्याचे तुकडे मुठीत घट्ट आवळावेत : पाणी ठिबकल्यास थांबावे, गोळा सावकाश उलगडल्यास कापणीस हरकत नाही, लगेच विस्कटल्यास उशीर झाला असे समजावे. खात्रीसाठी १०० ग्रॅम नमुना वजन स्थिर होईपर्यंत मंद उष्णतेवर वाळवितात; ३४ ग्रॅम उरल्यास ओलावा ६६ टक्के. पिकणाऱ्या मक्यात तो दररोज साधारण अर्ध्या टक्क्याने उतरतो, त्यामुळे ७२ टक्के आढळल्यास बारा दिवसांनी पुन्हा तपासावे. हवा कोरडी व तापलेली असल्यास त्याआधीच. केवळ दाण्यावरील दुधी रेषेवर विसंबणे धोक्याचे असते, कारण दाणा व ताट एकाच गतीने वाळत नाहीत.

मुंबईतील जनावरे शहराबाहेर हलविण्यासाठी शासनाने १९४९ मध्ये आरे येथे व पुढे दापचरी येथे दुग्धवसाहती उभारल्या. जनावरे चाऱ्याजवळ आणली की मुरघास परवडतो. दूरच्या तबेल्यांसाठी तो परवडत नाही, कारण १०० किग्रॅ. मुरघासात ६५ किग्रॅ. पाण्याचे भाडे भरावे लागते, वाळक्या गवतात जेमतेम १५ किग्रॅ. पाण्याचे.